अक्षरामागे बारा रुपये

गिरणाऱ्याची हौसाबाई बेंडकोळी
डिसेंबरात सकाळीच आली,
हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान,
मागच्या कोऱ्या बाजूला लेकीनं लिहून दिलेला मजकूर.
मी रंगाचा डबा उन्हात ठेवत होतो.
थंडीत ऑइलपेंट दह्यासारखा धरतो.

अक्षराचे किती?
बारा.
जोडाक्षर एक धरता का दोन?

पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
एक, म्हटलं.
ती बोटाच्या पेरांवर मोजू लागली.
रोशन, तीन.
बेंडकोळी, चार.
वय बावीस. आकड्यांचे वेगळे लागतात का?
आकडे फुकट, म्हटलं.
खोटं होतं. मी आकड्यांचेही घेतो.

मग मी वाचत गेलो:
या ठिकाणी, नऊ नोव्हेंबर रोजी, रात्री, अपघातात
तिथं तिनं बोट ठेवलं.
हे नको.
अपघात म्हणजे बैल बुजतो, फांदी मोडते,
धुक्यात मोरी दिसत नाही.
तो माणूस तर दुपारपासून पीत बसलेला.
गाडीत वर बाटल्यांचं खोकं,
कुणाला भेट द्यायचं, रिबीन बांधलेलं.
त्यातली एकसुद्धा फुटली नाही.
माझा पोरगा पॅकहाऊसमधून सुटला होता,
सायकलवर, अगदी कडेनं.

पुढचं 'अप' तेवढं काढा.

काढलं. उरलं ते लिहिलं.
दोन अक्षरं कमी झाली,
चोवीस रुपये तिनं तिथल्या तिथं वळते केले.

आता माझं सांगतो.
या रस्त्यावरची निम्मी अक्षरं माझ्या हातची.
येथे थंड बिअर मिळेल, माझं.
फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था, माझं.
तो जांभळा द्राक्षांचा घड, प्रत्येक मण्यावर पांढरा ठिपका,
तो ठिपका गंगापूर रोडला दुसऱ्या कुणाला जमत नाही.
लाल रंगही तोच वापरला.
नवा डबा फोडला नाही.

फळीचं तोंड कुठं करायचं, यावर अडलं.
तिचा भाऊ म्हणाला, शहराकडून येणाऱ्यांना दिसू दे.
हौसाबाई म्हणाली, जाणारा शुद्धीत असतो.
परतणाऱ्याला दाखवा.

आणि रात्री दिसेल ना?

रात्री माझा रंग दिसत नाही.
रात्रीसाठी रेडियम लागतं, आणि रेडियम म्हणजे गोरख,
माझ्याकडे ब्रश धुवायला होता,
आता सातपूरला मशीनवर अक्षरं कापतो.
चार वर्षं मी त्याच्या दुकानावरून मान खाली घालून गेलोय.
गेलो. नाव सांगितलं. सात अक्षरं कापून दिली.
पैसे घेतले नाहीत त्यानं.
बस म्हणाला नाही, मीही बसलो नाही.

खड्डा खणताना बांधकाम खात्याचा माणूस थांबला.
परवानगी आहे का, विचारायला तोंड उघडलं,
मग फळी शेवटपर्यंत वाचली,
आणि किक मारली.

शिमग्याच्या आदल्या रात्री मी तिकडूनच येत होतो.
नव्या बारचं काम, मालकानं बसवून घेतलं,
दोन क्वार्टर पोटात, ब्रश डिकीत.
वळणावर माझाच दिवा फळीवर पडला.
तारीख दिसली नाही, लाल अक्षरं दिसली नाहीत.
नुसतं रोशन बेंडकोळी,
अंधारात, जमिनीपासून पाच फुटांवर,
सायकलवरच्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर.

गाडी बंद केली.
दिव्याबरोबर नावही गेलं.
किल्ली खिशात घातली
आणि ढकलत निघालो. घर सहा-सात किलोमीटर.
दुगावपर्यंत दोन कुत्री सोबत होती,
एक लंगडत.